व्हिजिटिंग कार्डाएवढी सीडी

सोनी आणि फिलिप्स यांची काँपॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून सीडी म्हणजे गोल तबकडी हे समीकरण रूढ झाले. पुढे मात्र आयताकृती, हृदयाच्या वा ताऱ्याच्या आकाराच्या सीडीही निघाल्या. कंपन्या त्या जाहिरातीसाठी वाटत.

हे शक्य झाले ते सीडीच्या रचनेमुळे. ग्रामोफोनची सुई कडेकडून मध्याकडे जाते. सीडीवरील सर्पिल मार्ग मध्याजवळ सुरू होऊन कडेकडे जातो. मजकूर थोडा असेल तर बाहेरचा भाग रिकामा राहतो आणि तो हवा तसा कापता येतो. मात्र त्यामुळे क्षमता घटते. १२ सेंटिमीटर व्यासाच्या नेहमीच्या सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट माहिती मावते, ८ सेंटिमीटरच्या सीडीत सुमारे २००, तर व्हिजिटिंग कार्डाएवढ्या सीडीत साधारण ५०.

एवढ्याशा जागेतही संपूर्ण संगणकप्रणाली बसविण्यात आली. सीडीवरून संगणक थेट सुरू करण्याची ‘एल टोरिटो’ पद्धत १९९५ मध्ये ठरली. १९९९ मध्ये अमेरिकेतील लिनक्सकेअर कंपनीने कार्डाच्या आकाराच्या सीडीवर लिनक्स उपलब्ध केली. हार्ड डिस्कवरील प्रणाली बिघडली, तरी अशा सीडीवरून संगणक सुरू करून फायली वाचविता येत. ‘डॅम स्मॉल लिनक्स’ने तर ५० मेगाबाइटची मर्यादा स्वतःहून पाळली. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या, मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेल्या ‘बॉस’ लिनक्सला मात्र ही जागा पुरणारी नव्हती.

या सीडी हाताळताना दक्षता हवी. ट्रे असलेल्या ड्राइव्हमध्ये ८ सेंटिमीटरच्या खोलगट भागात त्या बसतात. फटीतून सीडी आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या अडकू शकतात. आकार असमतोल असेल तर वेगाने फिरताना कंपने निर्माण होतात.

पेनड्राइव्हने या सीडींची जागा घेतली आणि नव्या लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्हही जवळपास नाहीसा झाला. ‘डॅम स्मॉल लिनक्स’ २०२४ मध्ये पुन्हा अवतरली, ती ७०० मेगाबाइटची मर्यादा घेऊन. घरी वा कार्यालयात अशी जुनी सीडी असल्यास, ट्रेचा ड्राइव्ह मिळतो आहे तोवर तिच्यातील मजकूर उतरवून घेणे हिताचे. घरी लिहिलेल्या सीडीतील रंगद्रव्याचा थर काळानुसार खराब होतो, त्यामुळे त्यांना प्राधान्य द्यावे.