मंदावलेली नाडी : 'मिस ए' ते मिनेसोटा

#थ्रेड

१७ जानेवारी १८६६. लंडनचे ख्यातनाम वैद्य विल्यम गल यांच्याकडे सतरा वर्षांची एक मुलगी आणण्यात आली. नोंदीत तिचे नाव केवळ 'मिस ए'. उंची ५ फूट ५ इंच, वजन अवघे ८२ पौंड. अन्नावरची वासना पार उडालेली. तरीही ती स्वस्थ बसत नसे. सतत काही ना काही करीत राही. नाडी मात्र मिनिटाला ५६ ते ६०.

अशा कृश देहात त्या काळी वैद्य प्रथम क्षय शोधत. गल यांना तो सापडला नाही. अवयव निरोगी आहेत, रोगाचे मूळ मनात आहे, हा त्यांचा निष्कर्ष. १८७३ मध्ये क्लिनिकल सोसायटीपुढे निबंध वाचून त्यांनी या विकाराला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ केले. पॅरिसमध्ये लासेग यांनीही त्याच वर्षी असेच रुग्ण वर्णिले होते.

पण ती नाडी इतकी संथ का होती?

याचे मोजमाप झाले १९४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात. ॲन्सेल कीज यांच्या प्रयोगात युद्धास नैतिक नकार देणारे ३६ निरोगी तरुण २४ आठवडे अर्धपोटी राहिले. त्यांना आहारविकार नव्हता, होती ती निव्वळ उपासमार. म्हणूनच हा पुरावा मोलाचा. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, विश्रांतीतील नाडी सुमारे ५५ वरून ३५ च्या आसपास आली आणि क्ष-किरणांत हृदयाची छायाही लहान दिसू लागली. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू जाळते, आणि हृदय हाही स्नायूच. खेळाडूची नाडीही मंद असते, पण ती बलिष्ठ हृदयाची. ही झिजलेल्या हृदयाची. वरून दोन्ही सारख्याच भासतात, यातच धोका आहे.

उपचार अन्नच, पण तेही बेताने. दीर्घ उपासानंतर एकाएकी भरपूर अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट पेशींत ओढले जाते आणि दुबळ्या हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आज रुग्णालयांत आहार पायरीपायरीने वाढवतात, सोबत ईसीजी आणि रक्ततपासणी. वजन सावरू लागले की नाडी बहुधा काही आठवड्यांत पूर्वपदावर येते. हृदयाचे स्नायूही पुन्हा भरतात.

गल यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते. ठरावीक अंतराने अन्न द्यावे, रुग्णाच्या इच्छेला विचारू नये, आणि शुश्रूषेला नातलग सर्वांत निरुपयोगी, असे त्यांचे रोखठोक मत! मार्च १८६८ मध्ये 'मिस ए'चे वजन १२८ पौंड भरले. निबंधात तिची आजारातली आणि बरी झाल्यावरची चित्रे आहेत. सतराव्या वर्षी ती तिशीची वाटे, एकविसाव्या वर्षी मात्र आपल्या वयाचीच दिसू लागली, असे गल यांनी नमूद केले आहे.