'स्व' की 'मग्न'? स्वमग्नतेचा इतिहास, आतून पाहताना

कात्रपमध्ये जमलोच आहोत, तर सुरुवात आपल्या गावाच्या नावापासून करू. प्रवासी इथे घोडे बदलायचे, म्हणून हे बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं बाजूला ठेवू. पण ही गोष्ट मानली, तर गावाचं नाव वाटसरूंनी ठेवलंय, इथे राहणाऱ्यांनी नाही. आज आपण असंच बाहेरून दिलेलं एक नाव पाहणार आहोत. 'ऑटिझम', म्हणजे आपल्या मराठीत 'स्वमग्नता'.

हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांचा. १९११ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. जगाकडे पाठ फिरवून स्वतःत शिरलेला रुग्ण, असा त्याचा रोख. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं आणि हाच शब्द त्यांच्यासाठी घेतला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी मुलाबद्दल ३३ पानी पत्र लिहून पाठवलं होतं.

इतिहास वाचताना आपण पहिल्यांदा विचारतो, साधन कोणाचं? इथे वडिलांचं पत्र आहे, डॉक्टरांची टिपणं आहेत. डोनाल्डला स्वतःला काय वाटत होतं, ते मात्र त्यात नाही.

साक्षीदारच गप्प असला की त्याच्याबद्दल काहीही बोलता येतं. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच या मुलांना 'रिकामा किल्ला' ठरवलं, आणि दोष टाकला आईबापांच्या कोरडेपणावर. पुढे ते मत टिकलं नाही. पण तोवर किती आयांनी तो ठपका मुकाट सोसला असेल!

मग किल्ल्यातूनच आवाज यायला लागले. १९८६ मध्ये टेंपल ग्रँडिन यांचं आत्मकथन आलं, १९९२ मध्ये डॉना विल्यम्स यांचं. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून स्पष्टच सांगितलं, की ऑटिझम म्हणजे वरचं कवच नव्हे, ज्याच्या आत एखादं 'नॉर्मल' मूल अडकून पडलंय. तेव्हा आमच्यासाठी शोक करू नका.

आणि आपल्या देशात? १९८९ साली जन्मलेला टीटो राजर्षी मुखोपाध्याय. बोलणं जवळजवळ नाही. आई सोमा यांनी त्याला लिहायला शिकवलं. त्यांच्या पद्धतीबद्दल तज्ज्ञांमध्ये वाद आहेत, तेही सांगायला हवं. पण टीटो स्वतःच्या हाताने लिहीत होता, आणि आठ ते अकरा या वयातलं त्याचं लेखन २००० साली ब्रिटनमध्ये पुस्तकरूपाने आलं. तो आपल्यातल्या दोन 'मीं'बद्दल लिहितो, एक विचार करणारा आणि एक हालचाल करणारा. दुसरा पहिल्याचं ऐकतोच असं नाही. बाहेरून आपल्याला दिसतो तो फक्त दुसरा. पहिला आहे, हे त्याने लिहिलं म्हणून कळलं.

आता आपल्या मराठी शब्दाकडे येऊ. २००५ मध्ये डाइना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी एक मांडणी केली. यातले लॉसन स्वतः ऑटिस्टिक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बहुतेकांचं लक्ष एकाच वेळी अनेक गोष्टींत वाटलेलं असतं, ऑटिस्टिक माणसाचं एकाच गोष्टीत पूर्ण ओतलेलं असतं. तिथून ते अचानक ओढून काढलं की त्रास होतो. कर्जत लोकलचं टाइमटेबल तोंडपाठ असलेला एखादा मुलगा डोळ्यासमोर आणा. तो कशात मग्न आहे? स्वतःत? नाही हो, गाड्यांत! म्हणजे आपल्या शब्दातलं 'मग्न' बरोबर आहे, चुकलंय ते 'स्व'. कामात मग्न, गाण्यात मग्न असं आपण कौतुकाने म्हणतो. त्याच शब्दाला 'स्व' जोडला, की तो माणूस आपल्याकडे पाठ करून बसलाय असं वाटायला लागतं.

शब्दाने काय बिघडतं? कायदा बघा. १९९५ च्या अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि त्या कायद्यात सज्ञान व्यक्तीसाठीही पालक नेमण्याची सोय आहे. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले, आणि पालकत्व मर्यादित, दोघांनी मिळून निर्णय घेण्याचं असावं असं म्हटलं. दिशा बदलली खरी. पण प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मोजपट्टी बघा. तिच्यात ४० मुद्दे आहेत, ते भरायचे निरीक्षणावरून आणि घरच्यांच्या माहितीवरून. 'तुला कसं वाटतं?' हा एक्केचाळिसावा प्रश्न अजून यायचाय.

इथे कुणी म्हणेल, लिहू-बोलू शकणारे मोजकेच. ज्या मुलाला चोवीस तास सांभाळावं लागतं, त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. ग्रँडिन किंवा टीटो म्हणजे सगळे नव्हेत. मदतीची गरज खरी आहे आणि घरच्यांची दमछाकही खरी आहे. पण न बोलणाऱ्यालाही कान झाकून, हात ओढून, एखादी वस्तू पुन्हापुन्हा हातात घेऊन काही सांगायचं असतं. ते लक्षण म्हणून टिपायचं, की म्हणणं म्हणून ऐकायचं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

शब्द एका रात्रीत बदलत नाहीत, आणि 'स्वमग्न' सरकारी कागदांवर बसलाय. पण पुढच्या वेळी तो उच्चारताना मनात विचारू या: नक्की कशात मग्न? आणि जमलं तर त्या माणसालाच विचारू या.