कोर्लई पोर्तुगीजमधील भूतकाळ

कोर्लई पोर्तुगीज ही रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात कॅथलिक समाजाकडून बोलली जाणारी पोर्तुगीजवर आधारित क्रिऑल, म्हणजे संपर्कातून जन्मलेली भाषा आहे. भाषक तिला 'नो लिंग' (आपली भाषा) म्हणतात. तिच्यातील नियमित क्रियापदाचे भूतकाळी रूप हे इबेरियन क्रियारूपे मराठीच्या सहवासात कशी बदलली, याचे बोलके उदाहरण आहे.

== पार्श्वभूमी ==
चौलपासून वसई, तारापूर व डहाणूमार्गे दमणपर्यंतचा पोर्तुगीज मुलूख 'उत्तर प्रांत' म्हणून ओळखला जाई. येथील पोर्तुगीज बोलींचे वर्णन सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केले. मराठ्यांच्या १७३७–४० च्या मोहिमेनंतर दमण वगळता हा प्रांत पोर्तुगीजांच्या हातून गेला. डहाणू-तलासरी परिसरात आज अशी बोली उरलेली नाही. उत्तरेला दमणमध्ये आणि दक्षिणेला कोर्लईत मात्र ती टिकून आहे.

== स्पॅनिश व पोर्तुगीज रूपे ==
स्पॅनिशमध्ये 'कांतार' (गाणे) या नियमित क्रियापदाच्या पूर्ण भूतकाळात पुरुष व वचनानुसार सहा रूपे होतात: कांते (मी), कांतास्ते (तू), कांतो (तो/ती), कांतामोस (आम्ही), कांतास्तेइस (तुम्ही), कांतारोन (ते). यांतील 'कांतो' वर्तमानकाळातील 'मी गातो' या अर्थाच्या रूपासारखेच दिसते. भूतकाळी रूपात आघात शेवटच्या स्वरावर येतो, एवढाच फरक. 'बेबेर' (पिणे) व 'बिबिर' (राहणे) या दोन्ही गटांचे प्रत्यय एकच आहेत. पोर्तुगीजची घडण अशीच असली, तरी तेथे या दोन गटांचे तृतीय पुरुषी एकवचन वेगळे राहते: एकात 'एउ', दुसऱ्यात 'इउ'.

== कोर्लईतील घडण ==
कोर्लईने या सहांपैकी तृतीय पुरुषी एकवचन तेवढे ठेवले आणि ते सर्व पुरुषांना व वचनांना लावले. 'आ'कारान्त क्रियापदात अंत्य स्वराच्या जागी 'ओ' येतो. 'ए' व 'इ' गटांत स्वर कायम राहून 'व' जोडला जातो. 'बेबे' (पिणे) याचे 'बेबेव' होते. 'मी प्यालो' व 'तो प्याला' या दोहोंसाठी हेच रूप चालते. कर्ता सर्वनामावरूनच कळतो.

खरे वैशिष्ट्य चौथ्या गटात आहे. मराठीतून घेतलेली क्रियापदे 'उ'कारान्त होतात आणि पोर्तुगीज प्रत्यय स्वीकारतात. मराठी 'लोट' पासून 'लोटु' (ढकलणे) हे क्रियापद बनले व त्याचा भूतकाळ 'लोटुव' झाला. पोर्तुगीजमध्ये असा 'उ' गटच नाही. म्हणजे उसन्या धातूंसाठी भाषेने नवा वर्ग उभा केला, पण भूतकाळाची खूण जुनीच ठेवली. शब्द उसना घेणे सामान्य आहे. त्यासाठी स्वतंत्र रूपावली घडणे तितके सामान्य नाही.

मराठीशी तुलना येथे उद्बोधक ठरते. मराठीत 'मी दगड लोटला', 'मी गाडी लोटली', 'मी दार लोटले' असे क्रियापद कर्माच्या लिंगानुसार बदलते. त्याच धातूचे कोर्लईतील 'लोटुव' कर्त्याप्रमाणेही बदलत नाही आणि कर्माप्रमाणेही नाही. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने मात्र लक्षात ठेवावयाचे ते हे की तेथे भूतकाळातही क्रियापद कर्त्याशीच जुळते.

भूतकाळात चालू असलेली क्रिया दाखवण्यासाठी 'ती' हा स्वतंत्र शब्द व 'न'कारान्त रूप वापरतात: 'ती बेबेन' (पीत होता). वर्तमानकाळी चालू क्रियेत 'ती' ऐवजी 'त' येतो.

== अभ्यास व सद्यस्थिती ==
जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा १९९६ मधील ग्रंथ या भाषेवरील प्रमुख अभ्यास मानला जातो. भाषकसंख्या हजाराच्या आसपास आहे. चर्चमधील उपासना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजऐवजी मराठीतून होऊ लागली आणि शालेय शिक्षणही मराठीत असल्याने सर्व भाषक द्विभाषिक आहेत. ही भाषा आता मुख्यतः घरात व शेजारात बोलली जाते.