तळं रिकामं करून मोजणारा माणूस

1930च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एक माणूस तळ्यांचं पाणी सोडून द्यायचा. पाणी ओसरलं की चिखलातले सगळे मासे गोळा करायचा, जात आणि आकाराप्रमाणे ढीग लावायचा, प्रत्येक ढीग मोजायचा आणि तोलायचा. होमर स्विंगल त्याचं नाव. शिक्षणाने कीटकशास्त्रज्ञ, नोकरी ऑबर्नच्या शेती संशोधन केंद्रात.

या तळ्यांची गोष्ट कापसापासून सुरू होते. पिढ्यान् पिढ्या कापूस घेऊन तिथली माती धुपून गेली होती. 1935मध्ये अमेरिकी सरकारने मृदसंधारणासाठी स्वतंत्र खातं काढलं आणि शेतात बांध घालून खाजगी तळी करायला प्रोत्साहन दिलं. गुरांना पाणी आणि घरच्या ताटात मासे, असा दुहेरी फायदा. मत्स्यबीजही सरकारी केंद्रातून मिळायचं. पहिली दोन-तीन वर्षं झकास जायची. मग गळाला फक्त बोटभर मासे लागायचे.

यावरचं तेव्हाचं सर्वमान्य निदान एकच: मासेमारी जास्त झाली, आणखी बीज सोडा. माझ्या क्षेत्रात सर्व्हर मंदावला की लॉग न उघडता कुणीतरी 'रॅम वाढवा' म्हणतं, तसंच हे. स्विंगलने लॉग उघडला, म्हणजे तळं उपसलं. बोटभर माशांच्या तळ्यातही वजन भरपूर निघत होतं. मासे कमी झाले नव्हते, अति झाले होते.

कारण साधं आहे. एका तळ्यातलं अन्न ठरावीक किलो मासळी पोसू शकतं. ते किलो शंभर माशांत वाटायचे की दहा हजारांत, एवढाच प्रश्न उरतो. तिथला ब्लूगिल नावाचा चपटा मासा एका उन्हाळ्यात अनेकदा अंडी घालतो, आणि एका मादीची अंडी हजारांत असतात. सगळी पिल्लं जगली तर सगळी उपाशी राहतात आणि कुणीच वाढत नाही. म्हणून त्याच्यासोबत त्याला खाणारा लार्जमाउथ बास हवा. स्विंगलने रूढ केलेलं प्रमाण साधारण दहा ब्लूगिलला एक बास असं होतं.

1950 साली त्याने या सगळ्या मोजण्यांमधून दोन आकडे पुढे ठेवले. पहिला म्हणजे भक्ष्य माशांचं एकूण वजन भागिले शिकारी माशांचं वजन. हे उत्तर तीन ते सहाच्या दरम्यान आलं तर तळं उत्तम. दुसरा आकडा मला जास्त आवडतो: तळ्यातल्या एकूण वजनापैकी खाण्याजोग्या मोठ्या माशांचं वजन किती टक्के? संतुलित तळं म्हणजे दिसायला छान तळं नव्हे. वर्षामागून वर्ष मालकाला पकडण्याजोगा मासा देतं ते संतुलित, अशी त्याची रोखठोक व्याख्या होती. थंड उत्तरेकडच्या राज्यांत ही बास-ब्लूगिलची जोडी तितकी जमली नाही, पण मोजायची पद्धत टिकली.

आपल्याकडे मात्र गणित उलटं मांडलं गेलं. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती, पूर आलेली नदी लागते. त्यामुळे तळ्यात त्यांची गर्दी आपोआप होतच नाही. सोडाल तेवढेच राहतात, उलट कमी होतात. म्हणून इथे शिकारी मासा पोसायचा नसतो, हाकलायचा असतो. बीज सोडण्याआधी मोहाची पेंड टाकून मरळसारखे मासे काढून टाकायची पद्धत त्यातूनच आली. अडचण बियाण्याची होती, ते नद्यांतून गोळा करावं लागे. 1957च्या जुलैत हिरालाल चौधरींनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं आणि ती अडचण सुटायला लागली. 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्याचाच.

या नीट बसलेल्या हिशेबात तिलापिया आला. 1952मध्ये भारतात आणलेला हा मासा साठलेल्या पाण्यात आरामात वितो, पिल्लं तोंडात सांभाळतो आणि काही महिन्यांतच स्वतः पिल्लं द्यायला लागतो. 1959मध्येच त्याच्या प्रसारावर बंदी घालायची वेळ आली. तोवर उशीर झाला होता. उजनीच्या काठावर त्याला चिलापी म्हणतात आणि चवीने खातात. मोठ्या धरणात ते ठीक आहे.

सांगोल्याकडे माझ्या काकांचं शेततळं आहे, तीस बाय तीस मीटर, प्लॅस्टिक अंथरलेलं. डाळिंबासाठी काढलेलं कर्ज, जोडीला मासे. 'कटला' म्हणून घेतलेल्या बियाण्यात चिलापी मिसळलेली होती. वर्षभराने जाळ्यात चार बोटांची मासळी, आणि विकणारा म्हणतो, "आणखी बी टाका." काका खत, पेंड, बियाण्याचा खर्च वहीत लिहितात. ती वही आणि स्विंगलचा दुसरा आकडा मी शेजारी ठेवला आणि म्हटलं, "काका, एप्रिलात पाणी बागेला सोडणारच आहात ना? मग सगळंच सोडू, आणि तोलू."

एकशे दहा किलो मासळी निघाली. त्यातली बाजारात चालेल अशी अकरा किलो. स्विंगलच्या भाषेत दहा टक्के. त्याने संतुलित तळ्यासाठी धरलेली खालची मर्यादाच तेहतीस होती. काका वजनकाट्याकडे बघत राहिले. "म्हंजे मासं कमी न्हाईत. त्यांनी एकमेकाचं खाल्लंय," ते म्हणाले. बारकी मासळी तीन घरांत वाटली, उरलेली शेणखतात गेली.

पंधरा दिवस तळं उन्हात तापवलं. प्लॅस्टिकच्या घड्यांत अडकलेल्या ओंजळभर पाण्यातही पिल्लं वळवळत होती. काकूने चहाच्या गाळणीने ती काढली. जुलैत नवीन बोटुकली आली तेव्हा काकांनी पिशवी थेट तळ्यात रिकामी करू दिली नाही. पांढऱ्या घमेल्यात थोडी थोडी ओतून ते एकेक मासा न्याहाळत होते, आणि बी आणणारा पोरगा घड्याळाकडे बघत होता.