स्वयंपाकघरातल्या पावलांचा हिशेब

‘मॉड्युलर किचन’ हा शब्द आपल्याकडे शोरूम, ईएमआय आणि लॅमिनेटच्या रंगांचा हात धरून आला. साहजिकच ती पैसेवाल्यांची हौस वाटते. तिचा जन्म मात्र महापालिकेनं बांधलेल्या भाड्याच्या घरांत झालाय, आणि सध्या गल्लोगल्ली पुनर्विकासाचे नकाशे फिरत असताना ही गोष्ट सांगायलाच हवी.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची भयंकर टंचाई होती. फ्रँकफर्टच्या पालिकेनं 1925 मध्ये अर्न्स्ट माय या वास्तुविशारदाकडे गृहबांधणी सोपवली. भाडं परवडायचं तर घर लहान हवं. त्यातल्या स्वयंपाकघराचं काम आलं व्हिएन्नाच्या मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांच्याकडे. साल 1926, वय 29. आपण तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवलंय. (आमच्या आजीनं हे ऐकून कपाळावर हात मारला असता.)

पण बाईंनी अभ्यास पक्का केला. अमेरिकेत टेलर कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजत होता. क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी तीच पद्धत घरात आणली: नकाशावर रेघा ओढून बाई एका जेवणासाठी किती हेलपाटे घालते ते दाखवलं. लिहोट्स्कींनी ते वाचलं, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं किचनही डोळ्यांसमोर ठेवलं, आणि साधारण 1.9 बाय 3.4 मीटरची खोली आखली. खिडकीखाली ओटा, समोर फिरतं स्टूल, म्हणजे भाजी बसून चिरा. सालं लोटायला ओट्यातच खाच आणि खाली खण. तांदूळ, साखर, डाळींसाठी ॲल्युमिनियमचे खण, ओतायला चोच असलेले. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. इस्त्रीची फळी भिंतीला दुमडलेली. शेगडीपासून जेवणाचं टेबल तीनेक मीटरवर, मधे सरकतं दार, म्हणजे पोरांवर नजर राहते. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बसवली गेली. फर्निचर घरासोबतच, खर्च भाड्यात.

त्याच दशकात मुंबईत सरकार बीडीडी चाळी बांधत होतं. 160 चौरस फुटांची एक खोली. संडास मजल्यावर सामाईक. स्वयंपाकघर असं काही वेगळं नाहीच. मोरीच्या बाजूचा कोपरा बायकांनीच मांडणी लावून, चूल ठेवून, पुढे स्टोव्ह पेटवून उभा केला. तिथे पावलं मोजायची गरज नव्हती, हात लांबवला की सगळं हाताशी! हेही सरकारी घरच. एका शहरात बाईच्या श्रमाचा विचार नकाशात आला, दुसऱ्यात आला नाही, एवढाच फरक.

म्हणून फ्रँकफर्टची आरती ओवाळायची नाही मला. तिथल्या बायकांनीही कुरकुर केली. जागा इतकी अरुंद, की दुसरं माणूस आत आलं तर पहिल्यानं बाहेर जायचं. नवरा, मुलगा, सासू, कोणी मदत करायची म्हटलं तरी उभं राहणार कुठे? काम एकटीनंच करायचं, हे ओट्याच्या मापानंच ठरवून टाकलं. पुढच्या पिढीतल्या स्त्रीवाद्यांनी नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवलं. लिहोट्स्कींचा हेतू उलटा होता: काम लवकर उरकावं, बाईला वेळ मिळावा. बाई साध्या नव्हत्या. हिटलरविरोधी कामासाठी 1941 मध्ये गेस्टापोनं पकडलं, पंधरा वर्षांची शिक्षा झाली, 1945 ला सुटल्या. 2000 साली गेल्या, 103 व्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी असताना.

युद्धानंतर युरोपात ही मापं पक्की होत गेली आणि कारखान्यांतून आपल्याकडे आली. कॅबिनेट 60 सेंमी खोल, 72 सेंमी उंच, खाली पाय, वर ग्रॅनाइट, मिळून ओटा होतो साधारण 85 सेंमी. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची 152 सेंमीच्या आसपास. ओट्यावर शेगडी, शेगडीवर कढई. परतताना खांदा उचलावा लागतो तो यामुळे. पोळ्या लाटायलाही तीच उंची. खांदेदुखीचं मलम मग आपण वयाच्या खात्यात टाकतो. तरी दुकानात विचारा, ‘उंची तेवढीच येते’ असं उत्तर मिळेल. स्कर्टिंग कमी करून ओटा खाली घेता येतो, शेगडीचा भाग आणखी उतरवता येतो. सुताराला तुम्ही ठणकावून सांगायला हवं, इतकंच.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वयंपाकघर किमान 5 चौरस मीटर, रुंदी 1.8 मीटर. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अरुंद जर्मन किचनपेक्षाही लहान! आणि बिल्डर ‘किमान’ हा शब्द ‘कमाल’ असा वाचतो. बीडीडीवाल्यांना आता 160 च्या जागी 500 चौरस फूट मिळतायत, आनंदच आहे. पण सोसायट्यांच्या सभांत मी ऐकतो ते कार्पेट, कॉर्पस, पार्किंग. ओटा कुठल्या भिंतीला, सिंकचा पाइप कुठून, फ्रीजचं दार कोणीकडे उघडणार, हे कोणी विचारत नाही. सिंक आणि शेगडी एकमेकांना चिकटली की पोळपाट ठेवायला जागा उरत नाही. पाइपची जागा एकदा स्लॅबमध्ये ठरली, की मागाहून कितीही भारी कॅबिनेट लावा.

नकाशा हातात आला की गच्चीवर खडूनं खऱ्या मापाचं किचन आखा. ओटा, सिंक, फ्रीज, सिलिंडर, सगळं. घरात जे कोणी पोळ्या करतं त्याला त्यात उभं करा, मग आणखी एकाला आत बोलवा. हे सही करायच्या आधी.