दारासमोर दार : धारणीचं गावपण

धारणी हे शहर की खेडं? तहसील आहे, नगरपंचायत आहे, बाजारपेठ आहे. तरी आपण तिला गावच म्हणतो. हे गावपण समजून घ्यायचं तर भोवतालच्या कोरकू वस्त्यांकडे बघावं लागतं.

जुनं कोरकू गाव म्हणजे समोरासमोर घरांच्या दोन लांब रांगा आणि मधे झाडून ठेवलेली रुंद वाट. भिंती बांबूच्या कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या. लग्न, नाच, भांडणाचा निवाडा, सारं त्या वाटेवरच. ती नुसती जाण्यायेण्याची नाही, साऱ्या गावाची बैठक आहे.

1905 मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला आणि मेळघाटचा कारभार अमरावतीकडे आला. कारभाराच्या नकाशात रस्ता म्हणजे दोन ठिकाणं जोडणारी रेघ. कोरकूंची वाट मात्र दोन दारं जोडते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही ‘अवकाश’ शिकवत आलो; तो इथं पायाखाली सापडतो.

आता घरकुलं होताहेत, ती व्हायलाच हवीत. गळक्या कुडाचं कौतुक घाटाखाली बसून करू नये. पण प्रत्येक घर कुंपणात गेलं, दारं पाठमोरी झाली, तर शेजार संपेल. 1990 च्या दशकात कुपोषणामुळे मेळघाट देशभर गाजला. समोरच्या घरी आज चूल पेटली नाही, हे दवाखान्याच्या रजिस्टरच्या आधी समोरच्या दाराला कळतं. म्हणून नव्या वस्तीचा आराखडा करताना दारं कुठं उघडतात, हे आपण आधी विचारावं.