इन्कारीचे मस्तक

वर्गात ‘पेरू देश’ म्हटले की मागच्या बाकावर हसू फुटते. मुलांना बाजारातला पेरू आठवतो. ते हसू ओसरले की मी १५३२ सालाकडे वळते. त्या वर्षी काहामार्काच्या चौकात पिझारोने इन्का सम्राट अताहुआल्पाला कैद केले, सोन्या-चांदीची खंडणी वसूल केली आणि तरीही १५३३ मध्ये त्याला गळा आवळून ठार मारले. जेत्यांचा इतिहास इथे पान उलटतो.

हरलेल्यांचा इतिहास मात्र क्वेचुआ भाषेत तोंडातोंडी चालत राहिला. १९५० च्या दशकात केरो आणि पुकिओ या डोंगराळ भागांत अभ्यासकांनी वृद्धांच्या तोंडून ‘इन्कारी’ची कथा टिपून घेतली. पुकिओत हे काम करणारा होसे मारिया आर्गेदास स्वतः क्वेचुआ ऐकत वाढलेला लेखक होता. इन्कारी सूर्याचा पुत्र. त्याच्या हुकमाने दगड चालत. परक्यांनी त्याचे मस्तक छाटून नेले. पण जमिनीखाली ते मस्तक जिवंत आहे आणि त्याला हळूहळू धड फुटते आहे.

कागद पुढे करून कोणी म्हणेल, ‘हे चूक आहे, अताहुआल्पाचा शिरच्छेद झालाच नव्हता.’ बरोबर. शिरच्छेद झाला तो शेवटचा इन्का तुपाक आमारूचा, १५७२ मध्ये, कुस्कोच्या चौकात. भाल्यावर टांगलेल्या त्याच्या मस्तकापुढे लोक नमू लागले, तेव्हा ते घाईने उतरवून पुरावे लागले, अशी नोंद स्पॅनिशांच्याच लेखनात आहे. लोकस्मृतीने दोन मरणे एकत्र केली. तारखेच्या हिशोबात ती चुकली असेल. जखम कुठे झाली हे मात्र ती विसरली नाही.

सत्तेलाही या स्मृतीची भीती होती. त्याच राजाचे नाव घेऊन उठलेल्या दुसऱ्या तुपाक आमारूला १७८१ मध्ये मारल्यावर इन्का पोशाख, राजांची चित्रे, जुनी नाटके यांवर बंदी घातली गेली. भाषाही मोडायची होती. कथेला बेडी कोण घालणार?

तरी ही कथा निर्भेळ नाही. ‘इन्कारी’ या नावातच इन्काला जोडून ‘रे’, म्हणजे राजा, हा स्पॅनिश शब्द बसला आहे. जेत्याचाच शब्द उचलून त्यांनी आपल्या राजाला दिला! पुकिओच्या कथनाच्या शेवटी आणखी एक अट येते: धड पूर्ण झाले की इन्कारी परतेल, पण देवाने मंजुरी दिली तर. हे वाचताना मी थबकले. आमच्या घरात उद्याचे कुठलेही बोलणे याच अटीवर संपते.